डांबरकाका

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला की जमिनीतून दोन गोष्टी वर येतात. एक ट्युलिपचे कोंब आणि दुसऱ्या ड्राइव्हवेतल्या भेगा. कोंबांचं कौतुक करायला सगळा गाव असतो. भेगांसाठी आमच्याकडे डांबरकाका आहेत.

काकांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीदारांच्या यादीत सापडेल. नोकरी त्यांनी एका बँकेच्या संगणकांत काढली. डांबराशी त्यांचा संबंध एवढाच, की आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचा ड्राइव्हवे नव्याने करून घेतला. एकदाच. पण आपल्यात मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला माणूस उरलेला जन्म जसा त्या विषयातला सर्जन म्हणून काढतो, तसं काकांचं झालं. परदेशातल्या प्रत्येक मराठी वस्तीत अशी खातेवाटप झालेली असते. एकाकडे सोलर, एकाकडे ग्रीन कार्ड, एकीकडे मुलांचे कॉलेजप्रवेश. डांबराचं खातं काकांकडे आहे आणि ते सोडायची त्यांची तयारी नाही.

माझ्या ड्राइव्हवेवर साधारण हजार चौरस फूट दुःख पसरलेलं होतं. फोन केला, तर काका अर्ध्या तासात टेप, स्क्रूड्रायव्हर आणि वही घेऊन हजर. बायकोने चहाचं विचारलं.

“चहा नंतर. आधी बादली दे भरून.”

भरलेली बादली त्यांनी गराजपासून दहा फुटांवर सावकाश ओतली आणि आम्ही तिघं पाण्याकडे बघत उभे राहिलो. समोरचे गोरे आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते, तेही थांबले. पाणी मध्ये थोडं रेंगाळलं, कडेच्या भेगेत थोडं जिरलं आणि उरलेलं मुकाट्याने गराजच्या दिशेने निघालं. काकांच्या चेहऱ्यावर एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांचे भाव आले.

“रस्ता डांबरापायी मरत नाही रे, पाण्यापायी मरतो. हे पाणी आत जाणार, थंडीत गोठणार, गोठताना नऊ टक्के फुगणार. फुगलं की भेग रुंदावते. मग तिच्यात आणखी पाणी.”

पुढे त्यांनी मगरीच्या पाठीसारखा तडकलेला भाग शोधून त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत गेला. “इथला पायाच गेलाय. यावर नुसता नवा थर टाकणं म्हणजे फाटक्या बनियनवर कोट. एवढं खणून काढायचं, खडी भरून दाबायची, आणि मगच वरचा थर. आणि गराजच्या तोंडाशी जुनं डांबर खरवडायला सांग. नाहीतर नवा थर दोन इंच उंच बसेल आणि पाऊस थेट तुझ्या तांदळाच्या पोत्यांपर्यंत येईल.” आमच्या गराजमध्ये तांदळाची पोती आहेत हे त्यांनी न बघता ओळखलं होतं.

मग कंत्राटदार. तीन एस्टिमेटं घ्यायची हा काकांचा नेम, आणि बोलावलेल्या प्रत्येकाच्या वेळी ते स्वतः हजर. मुलीकडचा मामा स्थळ बघायला येतो तसे. पहिला गृहस्थ आपल्या कार्डाच्या मागे आकडा लिहून देऊ लागला. काकांनी त्याच्या ट्रकभोवती प्रदक्षिणा घातली. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते, तो नंबर ‘१३व्हीएच’ने सुरू होतो, तो कुठेच दिसेना. शिवाय पाचशे डॉलरच्या वरचं काम लेखी कराराशिवाय करायचं नाही, असा कायदा. कार्डाची पाठ हा लेखी करार होऊ शकत नाही, हे काकांनी त्याला इतक्या प्रेमाने समजावलं की तो आभार मानून गेला.

दुसरा नोंदणीकृत होता. म्हणाला, दोन इंचांचा थर देतो.

“दबलेला की सैल?” काकांनी विचारलं.

या एका प्रश्नासाठी काका जगतात असं मला वाटतं. मशीनमधून पडतो तो थर सैल, रोलर फिरल्यावर राहतो तो दबलेला. अडीच इंच पसरावा तेव्हा दाबून दोन इंच होतो. करारात नुसतं ‘दोन इंच’ लिहिलं की कोणते दोन ते डांबरालाच ठाऊक. त्या माणसाने पोटातून एक उसासा सोडला आणि ‘दबलेला’ हा शब्द करारात घातला. लगेच काकांनी वही उघडली. हजार चौरस फुटांवर दोन इंच दबलेला थर म्हणजे सुमारे बारा टन माल, तेव्हा प्लांटच्या वजनकाट्याची पावती दाखवायची. शेवटी भाव पाडण्यासाठी त्यांनी समोरच्या आजोबांचा ड्राइव्हवेही त्याच दिवशी करायचं आश्वासन देऊन टाकलं. आजोबांना हे दोन दिवसांनी कळलं.

तिसरं स्थळ न बोलावता आलं. शनिवारी सकाळी एक ट्रक दारात थांबला. पलीकडच्या गल्लीतल्या कामातलं डांबर उरलंय, अर्ध्या किमतीत लगेच टाकून देतो, रोख द्या. अर्धी किंमत म्हटल्यावर माझ्या रक्तातला कोकण जागा झाला. तरी काकांना फोन लावला.

“उरलंय? अरे, लग्नात मठ्ठा उरतो, डांबर उरत नाही! ते तीनशे डिग्री फॅरेनहाइटला प्लांटमधून निघतं, मोजून आणतात, गार झालं की दगड. दार लाव.”

दार लावलं.

कामाच्या आधीचा आठवडा धावपळीत गेला. कडेचं गवत कापा, स्प्रिंकलर बंद करा, मुलांचा बास्केटबॉलचा खांब हलवा. कंत्राटदाराने खणण्याआधी ८११ला कळवलं होतं. त्यांच्या माणसांनी येऊन जमिनीखालच्या विजेला लाल, गॅसला पिवळी, पाण्याला निळी अशा रेघा ओढल्या, आणि आमच्या अंगणात रंगपंचमी झाली. आमच्या गावात रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी, म्हणून पोलिसांना फोन करून परवानगी मागायची. काय बोलायचं ते काकांनी आधी लिहून दिलं होतं.

कामाच्या दिवशी मजूर सातला आले. काका साडेसहापासून थर्मास घेऊन उभे. वाफाळलेलं डांबर ओतलं जात असताना त्यांनी फोरमनला अमेरिकेतल्या डांबराचा इतिहास ऐकवला. १८७० साली डी स्मेट नावाच्या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने इथून जवळच, नेवार्कच्या सिटी हॉलसमोर, या देशातला पहिला डांबरी तुकडा घातला. फोरमन स्पॅनिशभाषक. “सी, सी,” म्हणत राहिला. मग काकांनी काकूंची विणकामाची सुई काढली. तिच्यावर नेलपॉलिशने अडीच इंचांची खूण होती. ती ते सैल थरात खुपसून बघू लागले, दर चार पावलांवर.

फोरमन मुरलेला होता. असे काका त्याने सगळ्या जातिधर्मांत पाहिले असणार. त्याने काकांना सन्मानाने रस्त्याच्या टोकाशी नेलं, हातात नारिंगी शंकू दिला आणि कुणालाही आत येऊ न देण्याची जबाबदारी सोपवली. काकांनी ती संध्याकाळपर्यंत पार पाडली. पोस्टमनलाही सोडलं नाही.

जाताना पथ्यं सांगून गेले. तीन दिवस गाडी नाही. नंतरही गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही. खुर्ची, शिडी, सायकलचा स्टँड टेकवायचा नाही. सीलकोटवाला उद्याच दार वाजवेल, त्याला सांगायचं, सहा महिन्यांनी बघू. काकांच्या स्वतःच्या ड्राइव्हवेची पथ्यं मात्र आठ वर्षं चालूच आहेत. त्यावर कुणाचीच गाडी उभी राहत नाही, त्यांचीसुद्धा. काकू भाजीच्या पिशव्या रस्त्यावरून उचलून आणतात. हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांना टोकदार टाचांच्या चपला फुटपाथवरच काढायला लावल्या, असं बायको शपथेवर सांगते.

सप्टेंबरात गणपती आले. अमेरिकेतल्या मराठी घराचं खरं दार गराजच. चपला तिथे, माणसं तिथून, बाप्पाही तिथूनच. सांगलीहून आलेल्या आईने गराजच्या तोंडाशी रांगोळी काढली होती. काळ्याभोर डांबरावर ती अशी उठून दिसत होती की शेजारचे फोटो काढून गेले. काका गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत आले. मी मूर्ती घेऊन उभा राहिलो. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या पायांवर तांब्यातलं पाणी घातलं.

सगळ्यांनी मोरया केला. काकांचे हातही जोडलेले होते, पण मान खाली होती. पाणी माझ्या पायांवरून उतरलं, क्षणभर थबकलं, रांगोळीला वळसा घालून सरळ रस्त्याकडे धावलं. ते पार गटारापर्यंत पोचेतो काकांनी मान वर केली नाही. मग केली, आणि सगळ्यांच्या मागून, एकट्यानेच, खणखणीत आवाजात “मोरया!” म्हणाले.