एका ‘वुडन्ट’चा घोळ

इंग्रजीच्या पेपरात ‘वुड’ आणि ‘वुडन्ट’ची अदलाबदल झाली, तर फार तर एक गुण जातो. डोनाल्ड ट्रम्प यांची ती झाली १६ जुलै २०१८ रोजी, हेलसिंकीत, शेजारी पुतिन उभे असताना. अमेरिकेच्या निवडणुकीत ढवळाढवळ करणारा रशियाच असेल असं मानायला कारण दिसत नाही, असं ते म्हणाले आणि अमेरिकेत गदारोळ उठला.

दुसऱ्या दिवशी खुलासा: म्हणायचं होतं ‘वुडन्ट’! सगळं खापर एका नकारावर.

तरी एका गोष्टीला दाद द्यायला हवी. वाक्य कसं असायला हवं होतं, हे सांगताना त्यांनी ‘शुड हॅव बीन’ अगदी बिनचूक वापरलं. तिथे अस्सल इंग्रजही बिनदिक्कत ‘शुड ऑफ’ लिहून जातात.