पुढच्याला लागेल

१ मेला शाळेत झेंडावंदन उरकतं, प्रगतिपुस्तक हातात पडतं आणि त्याच दुपारी लातूर-नांदेडकडच्या घरांत बायका पदर खोचून दप्तरांच्या मागे लागतात. गल्लीत रद्दीवाल्याची हाळी ऐकू येते. गठ्ठा सुतळीनं बांधून उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथं घरातले गृहस्थ आडवे होतात.

‘कायला फेकायलात? राहू द्या. पुढच्याला लागेल.’

हा पुढचा कोण, ते विचारायचं नसतं. धाकटा असेल तर धाकटा. तो शिकून नोकरीला लागला असेल तर मेव्हण्याचा मुलगा. तोही हाताशी नसेल तर भाडेकरूचा. कुणीच सापडलं नाही, तर जो अजून जन्मायचा आहे तो. त्याच्यासाठी दोन कंपासपेट्या आणि एक रंगपेटी आत्ताच बाजूला काढलेली असते. रंगपेटीत पांढरा खडू शाबूत असतो. बाकीचे संपलेले असतात.

पेशानं ते बहुधा जिल्हा परिषदेचे शिक्षक, नाहीतर महावितरणचे कर्मचारी. लातूरला असले तर घर ट्यूशन एरियाच्या आसपास, नांदेडला असले तर श्यामनगर-बाबानगरकडं. वर एक मजला चढवून खोल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. स्वभावानं चिक्कू म्हणावं, तर पोराच्या क्लासची फी त्यांनी सोयाबीन विकून एकरकमी भरलेली असते. हात आखडतो तो फक्त टाकताना.

आवराआवरीची सूत्रं हाती आली की ते ओसरीत बैठक मारतात. आधी पेनांची परीक्षा. प्रत्येक पेन कागदावर गोल गोल फिरवायचं, नाही उमटलं तर टोकावर हाहा करून फुंकायचं, तरी नाही तर रिफिल काढून तळहातावर चोळायची. त्यातूनही नापास झालेलं पेन टोपणासाठी ठेवायचं. कंपासपेटीतलं कर्कटक गंजलेलं, कोनमापकाचा अर्धा भाग गेलेला. गुण्ये तेवढे नवेकोरे, कारण ते कुठल्याच पोरानं कधी वापरलेले नसतात. मग वह्या. लाँगबुकातली कोरी पानं ब्लेडनं काढून दाभणानं शिवली जातात आणि वर्षभराच्या रफ वह्या तयार होतात. पोरं त्या शाळेत न्यायला लाजतात. पुढच्या मेमध्ये त्या तितक्याच कोऱ्या परत सापडतात.

खरी अडचण कार्यानुभवाच्या वस्तूंची. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या विषयाखाली आईनं रात्री अकरा वाजता बाटलीची फुलदाणी आणि आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी केलेली असते. ती फेकू म्हटलं की यांचा मुद्दा बिनतोड असतो: एकदा टाकाऊ होती म्हणून तर टिकाऊ केली, आता परत टाकाऊ कशी होईल?

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत मात्र बालभारतीनं त्यांच्यावर अन्याय केला, हे मान्य करावं लागेल. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पण नववीची पुस्तकं २०१७ला बदलली, दहावीची २०१८ला, अकरावीची २०१९ला आणि बारावीची २०२०ला. म्हणजे २०१७ साली नववीत गेलेल्या पोराच्या पुढ्यात चार वर्षं ओळीनं नवीच पुस्तकं आली आणि थोरल्याचा जपलेला सगळा संच माळ्यावरच राहिला. २०२५पासून पहिलीचंही पुस्तक नव्या धोरणाप्रमाणं बदललंय. ‘क ला क च म्हणतेत ना अजून?’ एवढं ते विचारतात आणि जुनं पुस्तक परत माळ्यावर चढवतात.

सरकारनं एकदाच त्यांच्या मनासारखं केलं. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३च्या जूनपासून पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. पोरांनी काही वह्या न्यायचं सोडलं नाही आणि दोन वर्षांतच तो निर्णय मागं घेतला गेला. तोवर पुस्तकातली किती कोरी पानं तशीच राहिली असतील! यांच्या घरी दुधाचा हिशेब अजून त्यावरच चालतो.

पण हे सगळं बालवाडीतलं झालं. खरा डोंगर अकरावी-बारावीचा. ‘लातूर पॅटर्न’ गाजला तो राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांतून, आणि त्याचं मर्म होतं सराव: पेपर सोडवा, तपासून घ्या, परत सोडवा. राजर्षी शाहूचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सरावाचा कागदही मग कुठल्या एका गावाचा राहिला नाही. सीईटी आली, बोर्डाची गुणवत्ता यादी गेली, मग नीट आली. सराव तेवढा वाढत गेला. पोरगं दोन वर्षांत किती टेस्ट देतं याचा हिशेब बापालाच माहीत, कारण प्रत्येकीची प्रश्नपत्रिका त्यानं तारखेनं लावलेली असते. यातल्या नेमक्या कुठल्या कागदानं मार्क आणले, हे ना सरांना सांगता येतं, ना पोराला. आणि कुठला ते माहीत नसल्यामुळं एकही टाकता येत नाही. या युक्तिवादाला उत्तर नाही. निदान त्यांच्या बायकोला अजून सापडलेलं नाही.

मेच्या पहिल्या रविवारी नीट झाली की वरच्या खोल्यांतली पोरं परभणी, हिंगोली, बीडकडं पांगतात. गादी, बादली, कूलर नेतात आणि क्लासची मॉड्यूल सोडून जातात. एक पोरगं तर सगळं पेटवून द्यायला निघालं होतं. यांनी ते हातातून काढून घेतलं. आता हे वाचणार कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. २०० पैकी १८० प्रश्न सोडवायची सवलत २०२५ला गेली, सरावाच्या उत्तरपत्रिका कालबाह्य झाल्या, तरी त्या आहेत. एनसीईआरटीनं २०२२ साली पुस्तकं हलकी केली तेव्हा अकरावीच्या जीवशास्त्रातून ‘पचन आणि शोषण’ हे प्रकरणच उडालं. पुढं २०२४च्या नीटच्या अभ्यासक्रमातूनही गेलं. यांच्या माळ्यावर त्याच्या चार प्रती आहेत. ‘काढलंय तसं घालतेल बी,’ असं त्यांचं म्हणणं, आणि आपल्याकडच्या अभ्यासक्रमांचा इतिहास पाहता ते अगदीच चूक म्हणता येत नाही.

घरात त्यांची टिंगल होत होती ती २०२३पर्यंत. त्या सप्टेंबरात सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या बाहेर निघाल्या, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, आजोबा-पणजोबांचे दाखले कुठं आहेत म्हणून लोक गावाकडच्या संदुका उपसू लागले. हे गृहस्थ त्या दिवसांत आरामखुर्चीत बसून होते. ‘आणा की आता रद्दीवाल्याकडून,’ एवढंच ते म्हणाले. त्यानंतर पोराचं नर्सरीतलं कागदाचे बोळे चिकटवलेलं चित्रही घरात सरकारी कागद ठरलं.

माळा भरला की मात्र त्यांनाही हालचाल करावी लागते. मेअखेरीला ते दोन पोती घेऊन लातूरहून नांदेडच्या एसटीत बसतात. साडूचा मुलगा यंदा अकरावीला. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडतो. तेवढे पैसे दोन्ही पोती विकून आले नसते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी पोचते. साडू चहा पाजतात, चष्मा लावून एकेक पुस्तक बघतात. ‘हे हाय आमच्याकडं. हेबी हाय. ह्याच्या तर दोन हायेत.’ मग आत जाऊन तीन पोती ओढत आणतात.

‘बरं झालं दाजी, तुम्हीच आलात. तुमच्या धाकट्याला लागतेल म्हणून ठिवलेली. आणि हा ग्लोबबी न्या. गोळा फुटलाय, पण स्टँड बघा कसा दणकट हाय.’