फिकट निळ्या रंगास, नातेपुत्याच्या स्वयंपाकघराकडून

प्रति,
श्री. फिकट निळा,
मुक्काम शेडकार्ड, रंगाचे दुकान.

विषय : स्वयंपाकघरातील नेमणुकीबाबत.

महोदय,

आपला अर्ज मिळाला. गुळगुळीत कागदाची चार पानं, त्यात पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, ओट्यावर तीन लिंबं, आणि आपण थोडे खुर्चीवर, थोडे कपबशीवर, थोडे पडद्याच्या काठावर. नातेपुत्यातल्या या स्वयंपाकघराने अर्ज दोनदा वाचला. चार पानांत कुठेही कढई नाही, ही गोष्ट सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात आली.

आपण नवखे उमेदवार म्हणून आलात, हे मात्र घराला खटकलं. या भागातल्या भिंतींना निळा ठाऊक नव्हता, असं आपल्याला कोणी सांगितलं? दिवाळीच्या आधी पिंपात कळीचा चुना भिजत पडायचा. त्यात भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होऊ नये म्हणून डिंक किंवा सरस, आणि वरून कपड्यांचीच नीळ. प्रमाण जमलं तर भिंत पांढरीशुभ्र, हात सैल सुटला तर आकाशी. चुलीच्या धुराने भिंत पिवळट पडते आणि निळी छटा तो पिवळेपणा झाकते. धोतराला जो न्याय तोच भिंतीला. सजावट हा त्यात कुणाचा हेतू नव्हता. सुंदर दिसायचं, ते फुकटात.

ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड कुटून काढत आणि तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. १८२८ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत तो कृत्रिमरीत्या करण्याची रीत सापडली आणि राजवाड्यातला रंग धोब्याच्या बादलीत आला. अल्ट्रामरीन चुन्यात टिकते, आम्लात मात्र तिचा रंग उडतो. प्रशियन निळ्याची तऱ्हा उलटी, तो चुन्यात मरतो. गावच्या रंगाऱ्याने यातलं काही पुस्तकात वाचलं नव्हतं, पण चुन्यात काय मिसळायचं हे तो चुकला नाही.

अनुभवाच्या रकान्यात आपण फ्रँकफर्टचा उल्लेख करायला हवा होता. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. ते सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. त्याची कपाटं निळी रंगवली होती, कारण निळ्यावर माशा बसत नाहीत असं संशोधकांनी सांगितलं होतं. आमचा माळशिरस तालुका उसाचा आहे. ओट्यावर गुळाची ढेप उघडी ठेवून ही परीक्षा द्यायची तयारी असल्यास तसं कळवावं.

आता ज्येष्ठता यादी. या घरात निळ्याच्या काही जागा आधीच भरलेल्या आहेत. पहिला मान गॅसच्या ज्योतीचा. ती निळी आहे तोवर ठीक. पिवळी झाली की बर्नर साफ करायचा. दुसरं, मोरीजवळचं दोनशे लिटरचं निळं पिंप. पाणी एक दिवस चुकलं की घरात सगळ्यांत देखणं तेच दिसतं. तिसऱ्या, निळ्या काठाच्या जुन्या इनॅमलच्या थाळ्या, टवके उडालेल्या, पण निवृत्त व्हायला नकार देणाऱ्या. गावातल्या निळ्या झेंड्याशी नातं सांगायचं असेल, तर नावातला ‘फिकट’ गाळून यावं. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून त्या निळ्याचा इतिहास आहे. तो कुणाच्या पडद्याला मॅचिंग म्हणून आलेला नाही.

निळ्याने भूक मंदावते, असंही आपल्या शिफारसपत्रात म्हटलं आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी बरडहून धर्मपुरीवरून नातेपुत्यात मुक्कामाला येते. वारकऱ्यांना जेवू घालायच्या त्या दिवशी आपण रजेवर राहिलेलं बरं.

खरी अडचण हळदीची. ताज्या चुन्यावर हळदीचा शिंतोडा लाल होतो, कुंकूही त्याच रीतीने बनतं. तेच ऑइल पेंटवर पडलं तर पिवळं राहतं, आणि फिकट निळ्यावर पिवळं म्हणजे शेवाळ. हळदीचा डाग उन्हात विरतो हे खरं, पण गॅसमागच्या भिंतीपर्यंत ऊन आणायचं कसं? शिवाय बोअरचं पाणी जड. नळामागच्या चकचकीत निळ्या टाइलवर क्षाराचे पांढरे ठिपके असे उठतात, की फडकं फिरवणारीने आपलं नाव घ्यावं. तेही आदराने नव्हे. पिवळ्या बल्बखाली आपण हिरवट-राखाडी दिसता. दुकानात ट्यूबलाइटखाली तोंड दाखवून इथे वेगळंच तोंड आणू नये.

सबब गॅसमागे आणि नळामागे आपली नेमणूक होणार नाही. ओट्यासमोरच्या भिंतीचा वरचा भाग, मांडणीमागची जागा, फळ्यांची आतली बाजू आणि दाराची चौकट आपल्याकडे देण्यात येत आहे. मांडणीमागे आपलं काम जमेल, असं घराला वाटतं; स्टीलच्या डब्यांवर निळं प्रतिबिंब पडलं की डबे घासल्यासारखे दिसतात, न घासताही. मुदत एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत. फोडणीचा धूर सोसलात तर पुढचं पाहू.

कळावे,
नातेपुत्याचे स्वयंपाकघर
(पूर्वी चुना-नीळ, सध्या डिस्टेंपर)

ता. क. : एवढ्या कामाला एक लिटर पुरतो. चार लिटरचा डबा गळ्यात मारण्यास दुकानदारास सांगू नये.