तसबिरीच्या पाठीमागे

मराठी घरात भिंतीवर चढायचा मान पूर्वी ठरलेल्या मंडळींनाच मिळत असे: देव, कैलासवासी आणि बी.ए. झालेला थोरला मुलगा. फोटो स्टुडिओ गल्लोगल्ली निघाले तेव्हा त्यात नवरा-नवरीची भर पडली. जिवंतपणी आणि कुठलीही परीक्षा न देता भिंतीवर जायची सोय लग्नानेच करून दिली. आता या रांगेत हौस घुसली आहे. कुणाकडे सहीची बॅट, कुणाकडे ट्रामचं तिकीट, कुणाकडे संगीत नाटकाचं गुलाबी हँडबिल. खणात आहे तोवर त्याला घरचे ‘पसारा’ म्हणतात. चौकट बसली की त्याचा ‘संग्रह’ होतो.

भिंतीला मात्र जुन्या सवयी सुटत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका क्रिकेटपटूचा सहीचा फोटो मढवून दिवाणखान्यात लावला. दसऱ्याला घरकामाच्या मावशींनी इतर तसबिरींबरोबर त्यालाही झेंडूचा हार घातला. खेळाडू चांगला फॉर्मात होता. गृहस्थांच्या आईंनी तो फोटो पाहिला आणि हळूच विचारलं, “अगंबाई, कधी गेला?”

अशी चीज घेऊन फ्रेमवाल्याकडे जाणं हा वेगळाच अनुभव आहे. त्याच्या दुकानात दत्तगुरू, विठ्ठल-रखुमाई आणि कुणाचे तरी आजोबा एकाच रांगेत पट्टीची वाट पाहत उभे असतात. तिथे आपण पाकिटातून बोटाएवढं तिकीट काढतो. 31 मार्च 1964ला मुंबईची शेवटची ट्राम धावली, त्याच्या आधीच्या वर्षांतलं ते तिकीट. तो ते उलटंसुलटं करून बघतो. “साहेब, ह्याला पट्टी लावायची? ह्याच्यापेक्षा चुका महाग पडतील.” मग मात्र त्याच्यातला कारागीर जागा होतो. “कडा जरा कापून घेतो, चौकोन नीट येईल. आणि खाली डिंक मारतो, म्हणजे जन्मात हलणार नाही.” ही दोन वाक्यं ऐकून संग्राहकाच्या काळजाचा ठोका चुकतो. कडा कापलेलं तिकीट कचऱ्याच्या भावाचं होतं, आणि डिंक म्हणजे कसर नावाच्या चंदेरी किड्याला दिलेलं जेवणाचं आमंत्रण. तिला खळ, डिंक, पिठूळ असं काहीही चालतं. कागद ती तोंडी लावायला घेते.

यावरचा उपाय आपल्या आज्यांच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये होता. फोटोला चिकट काही लागायचं नाही. चार कोपऱ्यांना कागदाची चार त्रिकोणी टोपडी, त्यांत फोटो अडकवायचा आणि दोन पानांच्या मध्ये बटर पेपर. हवा तेव्हा फोटो काढावा, मागचं नाव-गाव वाचावं, परत ठेवावा. आज संग्रहालयातले जाणकार जे सांगतात, त्यातलं निम्मं त्या अल्बममध्ये होतं. नंतर चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढायचे अल्बम आले. त्यांतले फोटो आता निघतात ते पानाचा तुकडा बरोबर घेऊनच.

फ्रेमवाल्याचा तरी दोष काय? त्याला गिऱ्हाईक सांगतं, “मस्त दिसलं पाहिजे.” टिकलं पाहिजे असं कुणी सांगत नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. दाखवणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण ती एकाच खिळ्याला टांगतो. घरातली सगळ्यात चांगली भिंत कोणती? खिडकीसमोरची. तिथे उजेड भरपूर, आल्यागेल्याची नजर पहिली तिथेच जाते. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांसाठी 50 लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात, म्हणजे आपल्याला ‘दिवा लावा हो कुणीतरी’ म्हणावंसं वाटेल इतका मिणमिणता. भर दुपारचं थेट ऊन लाखभर लक्सपर्यंत जातं. साधी काच धूळ अडवते, पण अतिनील किरणांना ती पुरती अडवत नाही. स्केचपेनची सही अशा भिंतीवर आधी फिकी होते, मग पुसट, आणि शेवटी यजमान पाहुण्यांना बोटाने दाखवत सांगतात, “इथे होती.” पेन्सिलीची सही मात्र राहते, कारण शिशाच्या त्या काळ्या भुकटीला उजेडाने काही होत नाही. तेव्हा मोठ्या माणसापुढे वही धरताना खिशात पेन्सिलही असावी. मोठा माणूस बुचकळ्यात पडेल, पडू द्यावा.

जपणं आणि दाखवणं यांतला फरक ज्यांना कळला, त्यांनी घरात पेट्या वाढवल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात 20 हजारांच्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. बाकीच्या आत आहेत, अंधारात, सुखात. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधून ठेवले, म्हणून अठराव्या शतकातला हिशेब आजही वाचता येतो. कापडाने उजेड अडवला आणि हवा खेळती ठेवली. शिवाय तो कागद हाताने केलेला. लाकडाच्या लगद्याचा वर्तमानपत्री कागद स्वतःतल्या आम्लानेच झिजतो. म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीची कुणाची तरी उधारी शाबूत आहे आणि 1983च्या जूनमधलं, विश्वचषकाची बातमी असलेलं वर्तमानपत्र चहाच्या रंगाचं होऊन घडीवर तुटतं. जपायचंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ अंक आडवा, सपाट, आम्लरहित कागदात ठेवावा.

प्रत म्हटलं की नाकं मुरडतात. पण आपल्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या प्रतीच होत्या. राजा रविवर्म्यांनी 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या छापील लक्ष्मीच्या साडीला बायकांनी हौसेने जर, टिकल्या, मणी लावले. मूळ तैलचित्राला कुणी टिकली लावू धजलं असतं का? प्रतीशी माणूस मोकळेपणाने वागतो. आता तीच टिकल्यांची चित्रं जमवणारे शोधत फिरतात, हे वेगळं.

लॅमिनेशनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त बोललो तर रक्तदाब वाढतो. एकदा केलेलं लॅमिनेशन धडपणे निघत नाही. आणि यंत्रातून निघणारी हल्लीची बरीचशी तिकिटं उष्णतेने छापलेली असतात, त्या कागदावर शाई नसतेच. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी चिरंजीवांच्या पहिल्या एसटी प्रवासाचं तसलं तिकीट लॅमिनेट करायला दिलं. यंत्राच्या एका तोंडातून तिकीट गेलं, दुसऱ्या तोंडातून काळी कुळकुळीत पट्टी आली. काकांनी ती तरीही जपून ठेवली आहे. मागे चिठ्ठी लावली आहे: ‘स्वारगेट ते सातारा’.

राहता राहिला आपला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये भिंत घाम गाळते. फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर त्याच्यावरचा जिलेटिनचा थर ओल धरून काचेलाच चिकटतो. मग काच काढायची म्हणजे आजोबांचा अर्धा चेहरा काचेबरोबर द्यायचा. म्हणून मध्ये माउंट हवा, निदान कडेने जाड कागदाच्या पट्ट्या तरी. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा राहते. बुचाचे तुकडे कुणी मागत नाही, त्यामुळे फ्रेमवाल्याकडे ते नसतात. बाटलीच्या बुचाचे काप चालतात. बाटली कुठून आणली, हे घरी ज्याचं त्याने सांगावं.

दिवाळीच्या आवराआवरीत सगळे काचा पुसतात. यंदा काच राहू द्या, फ्रेम खाली उतरवून उलटी करा. मागचा तपकिरी कागद फाटला असेल, हार्डबोर्डला बुरशीचे ठिपके आले असतील, कोपऱ्यात भुशासारखी पूड दिसली, तर फ्रेमवाल्याकडे जायची वेळ झाली आहे. जाताना त्याला एवढंच सांगा: कापू नका, चिकटवू नका, काचेला टेकवू नका. तो हसेल. तुम्ही तिथेच स्टुलावर बसून राहा आणि काम समोर करून घ्या.