न आल्याबद्दल आभार!

प्रति,
समस्त साखर कारखानदार, डाळमिलवाले, फरशीवाले, गॅरेजवाले, बिदरीच्या दुकानांचे मालक आणि सिमेंट कंपन्यांचे एचआर साहेब,
जिल्हे बीदर व कलबुर्गी.

विषय : शाळेतल्या व्यवसाय शिक्षणाबाबत कोणताही सल्ला न दिल्याबद्दल आभार मानणेबाबत.

संदर्भ : आपले 15 ऑगस्टचे भाषण. (आणि त्याच्या आदल्या 15 ऑगस्टचेही. तेच होते.)

महोदय,

‘हल्ली कामाचा माणूस मिळत नाही’ हे आपले वाक्य आमच्या पोरांना आता प्रार्थनेसारखे पाठ झाले आहे. आपण ते व्यासपीठावरून म्हणता, टाळ्या घेता आणि गाडीत बसता. गाडी फाटकाबाहेर पडली की पोरे वर्गात जातात आणि व्यवसाय शिक्षणाचे पुस्तक उघडतात. या शिक्षणाचा साचा भोपाळच्या केंद्रीय संस्थेत तयार होतो. त्यात भालकी-आळंदचे काय असावे हे भोपाळने आपल्याला विचारले नाही, आपणही आपणहून कळवले नाही. दोन्हीकडचा मान राहिला.

तक्रार नाही बरं का. दहावीला तिसऱ्या भाषेच्या जागी ऑटोमोबाइल, रिटेल, आयटी, ब्यूटी अँड वेलनेस यांपैकी शाळेत जो असेल तो विषय घेता येतो, ही सोय चांगलीच आहे. पण कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीला तेल-पाण्याचा हात किती द्यावा, ऊन किती दाखवावे, कुठे चुकले की डाळ फुटून चुनीत जाते, सॉर्टेक्स मशीन चांगला दाणा कधी बाहेर फेकते, हे सगळे तुमच्या मिलमधल्या मिस्त्रीला ठाऊक आहे. ज्याच्या घरी तूर पिकते तो पोरगा मात्र शाळेत ग्राहकाचे हसतमुखाने स्वागत करायला शिकतो. हसतो छान.

बिदरीचे तर विचारूच नका. 2006 साली मानांकन, 2023 साली शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. दोन्ही साले पोरांना तोंडपाठ. पण कृती विचाराल तर गप्प. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्याला आधी मोरचूद फासून काळे करतात ते फक्त कोरलेली रेघ दिसावी म्हणून. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवली की ते काळे घासून काढतात. आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून गरम भांड्यावर चोळली की जस्त काळेभोर होते, चांदीला मात्र काही होत नाही. का होत नाही? दहावीच्या विज्ञानात धातूंचा अख्खा धडा आहे. सर तो फळ्यावर शिकवतात. चौबाऱ्याजवळ बसलेल्या कारागिराने एक तास शाळेत येऊन एक डबी काळी करून दाखवली असती, तर त्या धड्यावरचा प्रश्न कुणी ऑप्शनला टाकला नसता. आपण त्याला पाठवले नाहीत, त्याची मजुरी वाचली. आभार.

साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकायला चेअरमनसाहेब मुहूर्त बघून सपत्नीक येतात. पण साखर खरी बनते ती आत, रस आटवणाऱ्या पॅनवर. तिथला माणूस काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन उजेडात धरतो आणि दाणा कितपत बसला ते सांगतो. असा माणूस निवृत्त झाला की आपण जाहिरात देता, नाहीतर सोलापूर-कोल्हापूरकडून कुणाला तरी आणता. उसाच्या गाडीवर बसून कारखान्यापर्यंत आलेल्या पोराला त्या पॅनजवळ आजवर कुणी उभे केले नाही.

आता आपण म्हणाल, वय आड येते. खरे आहे. खाणी आणि सिमेंटसारख्या धोकादायक उद्योगांत 18 वर्षांखालच्यांना कामाला लावता येत नाही, आणि लावूही नये. सल्ल्याच्या नावाखाली फुकटचे हमाल मिळतील अशी कुणाची समजूत असेल तर त्यांनी खरोखरच येऊ नये. शाहाबादी फरशीच्या कटिंगला पाणी का सोडतात, धुळीने छातीचे काय होते, हे वर्गात येऊन सांगायला मात्र कुठलाही कायदा आडवा येत नाही.

आयटीआयचा अनुभव आपल्याला आहेच. 2007 साली केंद्राने 1,396 सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊ केले आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाकडे दिले. म्हणजे खुर्ची मिळाली तर आपण बसता. शाळेत खुर्ची नाही, बाक आहे. अडचण तिथे असावी.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले गावाची खरी कामे पैसे घेऊन करतात. काम बिघडले तर गावकरी तोंडावर सांगतो. सल्लागार मंडळ याहून वेगळे काय असते?

जुलै 2024 मध्ये स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवणारे विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळाने मंजूर केले आणि उद्योगांनी आरडाओरडा करताच दोन-तीन दिवसांत बाजूला ठेवले. कुशल माणसे मिळणार नाहीत, ही ओरड त्यात होतीच. विधेयकाचा मसुदा मलाही धड वाटला नाही. पण कुशल माणूस जिथे तयार होतो त्या वर्गाचे दार बाहेरून कधी वाजलेच नाही, हे त्या ओरडणाऱ्यांत कुणालाच आठवले नाही.

तरी चुकून यायचे मनात आलेच, तर येताना तीन गोष्टी ठरवून या : पुस्तकातला कोणता धडा आपल्या कामाचा नाही, शाळेने कोणते हत्यार आधी घ्यावे, आणि पोरांचे वय बसले की आपल्याकडे अप्रेंटिस म्हणून किती घेणार. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, हे आपल्या एचआर साहेबांना माहीत असेल.

स्वतः येणे जमत नसेल तर मिस्त्रीला पाठवा. शनिवारी शाळा सकाळची असते. दोन तास पुरतील. त्या दोन तासांचा त्याचा पगार तेवढा कापू नका.

आपला नम्र,
एक पालक, शाळा विकास व देखरेख समिती (एसडीएमसी) सदस्य,
भालकी तालुका