तक्ताकर्ते साहेबांस, कृतानेक दंडवत

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री तक्ताकर्ते साहेब यांच्या सेवेसी,

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपला ‘आवर हेल्पर्स’ हा बहुरंगी तक्ता आमच्या दुसरीच्या वर्गात खिळ्याला लटकतो आहे. वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या, मधे वीस चौकटी, वीस चौकटींत वीस माणसं आणि त्यांच्या पायाशी त्यांच्या कामधंद्याचे वीस इंग्रजी शब्द. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे, पैसे अजून आले नव्हते, म्हणून मी तो पदरमोड करून घेतला. पैशांचं काही नाही हो. एवढी दूरदृष्टी एवढ्या स्वस्तात घ्यायची, याचाच संकोच वाटला.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. वाद पुष्कळ झाले. लेकरांना झेपेल का, मराठीचं काय होणार, शिकवणार कोण. पोरांना नेमके कोणते शब्द द्यायचे, हा प्रश्न मात्र फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. तो आपण स्टेशनरीच्या दुकानातून परस्पर सोडवून टाकलात. बोलक्या भिंती हव्यात असं वरून आम्हाला सांगितलं जातं. त्या भिंतींनी काय बोलायचं याची जबाबदारी आपण न सांगता उचललीत. हे उपकार फेडायचे कसे?

शब्द निवडणं किती किचकट असतं, हे मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाला विचारावं. हे गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिक्षकांच्या कॉलेजात होते. बंगाली मुलांना उपयोगाचे शब्द आधी मिळावेत म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापून आली, तीही कोणता शब्द किती वेळा लागतो याच्या मोजदादीवर उभी. बिचारे नाहक खपले. आपला निकष केवढा सुटसुटीत! ज्या माणसाचं चित्र कपाटात आधीच पडलं होतं, त्याचा शब्द.

त्यामुळेच पहिल्या चौकटीतले डॉक्टर कपाळाला गोल आरसा बांधून उभे आहेत. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तो आरसा बांधल्याचं मी पाहिलेलं नाही. पोरांनी विचारलं, “बाई, हे काय?” मी म्हटलं, पुढे चला.

डॉक्टर पुरुष, नर्स बाई. पायलट पुरुष, टीचर बाई. किती नेटकी वाटणी! कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यालाही आता सुमारे १४० वर्षं झाली. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी २०२३ साली सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. या बातम्या आपल्या छापखान्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच. आपण घाई करू नये.

बेकर तर मला विशेष आवडला. उंच पांढरी टोपी, हातात कोपराएवढा पाव. आमच्या गावात पाव मोटारसायकलवरून येतो, आणणारा मफलर गुंडाळलेला असतो. त्याच्या शेजारी मिल्कमन, काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन. मुंबईत आरेच्या बाटल्या होत्या खऱ्या. त्या ज्यांनी दारातून उचलल्या ते आता आजोबा आहेत. आमचं दूध कॅनमधून डेअरीवर जातं आणि फॅट बघून भाव लागतो. पण फॅट लावणाऱ्या पोराला टोपी नसते, त्याला चौकट कशी मिळणार?

अंतराळवीराला मात्र मिळाली. १९८४ साली राकेश शर्मा वर गेले, त्यानंतर २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला. एवढ्या गजबजलेल्या धंद्याचा शब्द पोरांना आला नाही तर त्यांचं कसं व्हायचं!

आता एक लहानशी तक्रार. तक्रार कसली, कौतुकच. आमची पोरं पहिलीला येतात तीच मुळी इंग्रजी घेऊन येतात. कंडक्टर, क्लीनर, वायरमन, फिटर, वेल्डर, कंपाउंडर, सुपरवायझर, कलेक्टर. जेसीबीचा ऑपरेटर हे तर सहा वर्षांच्या पोराचं दैवत. हे शब्द त्यांना कुणी पाठ करून घेतलेले नाहीत. वायरमन म्हणजे खांबावर चढतो तो, आणि तो आला की रात्री मोटार चालते, इथपर्यंत अर्थ पक्का. याच शब्दांवर पहिला धडा बांधला तर निम्मं काम घरूनच झालेलं असतं. आपण हा मोह टाळलात. यातल्या एकालाही तक्त्यावर पाय ठेवू दिला नाहीत. घरात आहे ते इंग्रजी नव्हेच, हे पोरांना एका नजरेत समजलं.

शिवाय आपल्या वीस माणसांपैकी कुणी काही करत नाही. हत्यार हातात धरून, हसत, समोर बघत उभे. एकाही शब्दाआधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ नाही, मागे क्रियापद नाही. मग पोरं ‘ही इज डॉक्टर’ म्हणतात आणि दोष बाईंचा. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकापासून कंठशोष केला की, लहान पोर भाषा अंग हलवून शिकतं. मी तक्ता सोडून एकदा एका मुलीला पुढे बोलावलं. तिने हवेतली दोरी दोनदा ओढली आणि सगळा वर्ग “कंडक्टर!” म्हणून ओरडला. “व्हॉट डज शी डू?” “शी गिव्ह तिकीट!” ‘गिव्ह’चं ‘गिव्ह्ज’ करायला फार वेळ लागला नाही. पण अशा आरडाओरड्याने आपल्या तक्त्याचा अवमान होतो, याची मला जाणीव आहे.

साहेब, आता जरा जवळ या. पुढचं वर्गात मोठ्याने बोलता येत नाही.

आपल्या तक्त्याच्या खालच्या दोन ओळींत कारपेंटर, ब्लॅकस्मिथ, पॉटर, कॉब्लर, बार्बर आणि वॉशरमन आहेत, शेवटी स्वीपर. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारीचं वर्णन केलं, त्यातले सहाजण आपण इंग्रजीत आणून लॅमिनेट केलेत. वरच्या ओळीत सुटाबुटातले, खालच्या ओळीत उघड्या अंगाचे. उतरंडही जशीच्या तशी ठेवलीत. ‘कॉब्लर’वर छडी ठेवली की वर्ग तक्त्याकडे बघत नाही, माझ्याकडेही बघत नाही. भिंतीकडेला बसलेल्या एका पोराकडे बघतो.

त्या पोराचे वडील चाकणला फोर्कलिफ्ट चालवतात. घरात दोन पिढ्यांत कुणी चप्पल शिवलेली नाही. फोर्कलिफ्ट ऑपरेटरला आपल्याकडे चौकट नाही. त्याच्या जातीला आहे.

कातडं शिवणं हे कसब आहे, त्याचा शब्द पोरांना यायलाच हवा. मग त्याच ओळीत सावकार का नाही, भटजी का नाही, जमीनदार का नाही? ते ‘हेल्पर’ नसावेत. आणि ‘आवर’ म्हणणारं ते लेकरू कुठल्या घरातलं, हेही एकदा कळवावं. माझ्या वर्गात बसतात ती सगळी हेल्परांचीच पोरं आहेत.

आयांना तर आपण कष्टातूनच मुक्त केलंत. तक्त्यात त्यांचा शब्द नाही, म्हणून पोरं गाईडमधलं वाक्य पाठ करतात: ‘माय मदर इज अ हाउसवाइफ.’ हे वाक्य ज्या मुलीने मला खणखणीत म्हणून दाखवलं, तिची आई सकाळी टेंपोत बसून खुरपणीला जाते. तिची आजी दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत होती. कामाच्या हक्काचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, केंद्राने २००५ साली. नातीच्या इंग्रजीत मात्र दोघी घरीच बसून आहेत.

अंगणवाडी सेविका १९७५ पासून आहेत, आशाताई २००५ नंतर आल्या. वर्गातल्या बहुतेक पोरांना जन्मल्यापासून त्यांनीच तोललं, मोजलं, डोस पाजले. सरकार त्यांना मानधन देतं आणि कर्मचारी म्हणत नाही. आपणही नाही म्हटलंत. शासकीय धोरणाशी एवढं इमान हल्ली दुर्मिळ आहे.

ऊस तोडणाऱ्यांबद्दल बोलू का? आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरभरून माणसं निघतात, सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. ती उन्हाळा लागल्यावर परततात. हा लाखो माणसांचा धंदा आहे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस म्हणजे अर्धा. साहेब, मुकादम निदान अर्धा तरी मोजतो.

गेल्या हंगामात केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले होते. आजीजवळ राहिलेल्या एका पोराला त्यांनी उभं केलं. “व्हॉट इज युवर फादर?” पोराने मान वर केली, आपल्या तक्त्यावरून नजर फिरवली, डॉक्टरपासून स्वीपरपर्यंत खाली गेला, परत वर आला आणि म्हणाला, “माय फादर इज अ पायलट, सर.” साहेबांनी टाळी वाजवली. शेरेबुकात ‘इंग्रजीची तयारी समाधानकारक’ असा शेरा पडला. त्या वेळी त्याचे आई-वडील सांगलीकडच्या एका फडात मोळ्या बांधत होते.

वाक्यात चूक नव्हती. ‘अ’सुद्धा जागेवर होता. पोराच्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य, आणि ते खोटं. एवढं यश आपल्या तक्त्याशिवाय माझ्या एकटीच्या हातून झालं नसतं.

आता मागणं. पुढच्या छपाईत बेकरची टोपी उतरवा आणि ती जागा ऊस तोडणाऱ्या बाईला द्या. आशाताईला द्या, वायरमनला, एसटीतल्या कंडक्टर बाईला, फोर्कलिफ्टवाल्याला. कॉब्लरही ठेवा, पण अंगभर कपडे घालून आणि डॉक्टरच्या ओळीत. सगळ्यांना काम करताना दाखवा आणि खाली वाक्य छापा: ‘शी कट्स केन.’ तीनच शब्द आहेत, शाईचा खर्च वाढणार नाही. तेही जमत नसेल तर चार चौकटी कोऱ्या सोडा. आमची पोरं भरतील.

कळावे, लोभ आहेच.

आपली आजन्म ऋणी,
दुसरीच्या वर्गाच्या बाई

ता. क. : तक्ता फेकलेला नाही, गैरसमज नसावा. उलटा करून त्याच खिळ्याला लावला आहे. पाठ कोरी आहे आणि तिच्यावर स्केचपेन चांगलं उठतं.