जावयाचा मान

ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास मासा येतो, तो दिवाळसणाच्या जावयासारखा. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना वाटेत मुक्काम, यायची वेळ नक्की नाही, आणि आल्यावर पानात काय वाढायचं या चिंतेने अख्खा किनारा हवालदिल. त्याच्या पूर्वजांचं मात्र असं कौतुक नव्हतं. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीला 1639 मध्ये कायदा करावा लागला, की बास शेतात खत म्हणून घालू नका! आता वारंच फिरलंय. 2021 पासून खऱ्या आमिषाला गोल वळणाची गरी सक्तीची आहे. ती घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसते. पाहुण्याच्या घशाची इतकी काळजी आमच्याकडे श्रीखंड वाढतानाही कोणी घेत नाही.

आमिषाच्या दुकानात कोकणी माणसाने उपाशी पोटी जाऊ नये. फ्रीझरमध्ये बांगड्याचा अमेरिकी चुलतभाऊ मॅकरल, शेजारी माकूल, खाली तिसऱ्यांचे थोराड भाऊबंद, तारलीच्या गणगोतातला तेलकट बंकर, आणि टाकीत जिवंत वाम. ‘यात ओलं खोबरं कुठे ठेवलंय?’ असं विचारायचं जिभेवर येतं. दुकानदार सांगतो, वादळ झालं की शिंपला लावा, कारण लाटा शिंपले फोडून मांस मोकळं करतात आणि मासा त्यावर ताव मारतो. वसंतात खाडीत असाल तर ब्लडवर्म घ्या.

हा ब्लडवर्म मेन राज्याच्या चिखलातून खणून काढतात आणि समुद्री शेवाळात गुंडाळून डझनाच्या भावाने विकतात. दिसायला गुलाबी, मऊ, अगदी गरीब. गरीला ओवायला बोट जवळ न्यावं, तर तोंड असं फटकन बाहेर फेकतो की टोकाला चार काळे दात दिसतात. त्या दातांत तांबं असतं म्हणे! मासा चावेल तेव्हा चावेल, आमिष आधी चावतं. वामीचं वेगळंच. बर्फावर ठेवली तर मवाळ असते. फडक्याने धरून खालच्या जबड्यातून गरी ओवायची. जरा ऊब लागली की ती तंगुसाला अशा गाठी मारते, की सोडवता सोडवता भरती संपते.

या रक्तरंजित पंथाला नाकं मुरडणारा दुसरा पंथ ल्यूरवाल्यांचा. त्यांच्या पेटीत लाकडाचे, प्लास्टिकचे रंगवलेले मासे दाटीवाटीने बसलेले. गढूळ पाण्यात पांढरा, रात्री काळा. रात्री काळा का? तर मासा खालून वर पाहतो, आणि काळी आकृती आकाशावर उठून दिसते. इथवर शास्त्र. पिवळ्याचा विषय निघाला, की सख्ख्या भावांतही बोलणं बंद होऊ शकतं.

वाद मिटण्याची आशा नाही, कारण पुरावा दोघांकडेही आहे. 1982 मध्ये अटलांटिक सिटीच्या धक्क्यावर साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा बास ल्यूरला लागला. 2011 मध्ये कनेटिकटजवळ 81.88 पौंडांचा विक्रमी बास लागला, तो वामीला. आणि खुद्द पाहुण्याचं म्हणाल, तर किनाऱ्याशी बोटभर सँड ईलचे थवे आले की तो दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. पंचपक्वान्नं वाढा, ह्याचं आपलं वरणभातच.

या सगळ्याचा निकाल मालवणहून आलेल्या सासूबाईंनी लावला. वाळूत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी मॅकरलचे तुकडे करायला घेतले तशा म्हणाल्या, “खावचो बांगडो पाण्यात कित्याक टाकतास?”

मी नियम समजावले. “आई, मासा अठ्ठावीस ते एकतीस इंचांचाच ठेवता येतो. दिवसाला एक. लहान सोडायचा, मोठाही सोडायचा.”

“बारको सोडूचो, मोठो पण सोडूचो,” त्यांनी शांतपणे हिशेब मांडला, “मगे बाजारातसून हाडा ना!”

तेव्हापासून मी पांढरा बकटेल वापरतो. शिशाचं डोकं आणि हरणाच्या शेपटीचे केस, कोणत्याच माशासारखा न दिसणारा प्रकार. किनाऱ्यावरचे जाणते म्हणतात, बरोबर आहे, तो लहान माशाचा आणि माकुलाचा दोघांचाही भास करतो. मी गंभीरपणे मान हलवतो. हरणाच्या केसांचं तिखलं होत नाही, हे खरं कारण त्यांना सांगण्यात अर्थ नाही.